स्वारगेटचे भुयार व जुने नळ
पुण्यातील स्वारगेटचे भुयारी मेट्रो-स्थानक २९ सप्टेंबर २०२४ रोजी खुले झाले. त्याच्या खोदकामात सन २०१९ मध्ये एक जुना बोगदा उघडा पडला, आणि तो पेशवेकालीन असल्याची वदंता लागलीच उठली. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत कात्रजचे पाणी दक्षिणेकडून जमिनीखालील नळाने शहरातील हौदांस आणले गेले, हे खरे. तथापि भुयार दिसले एवढ्यानेच ते पेशवाईतील ठरत नाही. कात्रजच्या नळावरील उच्छ्वासांच्या रांगेशी त्याचा मेळ बसला पाहिजे. अहिल्यानगरचे (पूर्वीचे अहमदनगर) निजामशाही खापरी नळही असेच जमिनीखालून गेलेले आहेत. तेथे कुदळ पडण्यापूर्वीच उच्छ्वासांचे नकाशे व नळांविषयीचे कागद संग्राहकांनी प्रसिद्ध करावेत, अशी आमची विनंती आहे.