कलमे, आंब्याची : सिंधुदुर्गातील

एका झाडाची काडी दुसऱ्या झाडाच्या खोडावर जोडून वाढविण्याच्या कृतीस कलम करणे म्हणतात. शरीर-कोशिकांच्या (पेशींच्या) विभाजनाने सजीवांची वाढ होते व जखमा भरून येतात. कलमाचे यश सर्वस्वी याच क्रियेवर अवलंबून असते. देवगड, मालवण व वेंगुर्ले या तालुक्यांतील हापूसच्या बागा तिच्यावर उभ्या आहेत. कलमाची विद्या मात्र या क्रियेच्या ज्ञानाहून बरीच जुनी आहे.

गोवा व दक्षिण कोकणात आंब्याच्या कलमांचा प्रसार पोर्तुगीजांमुळे झाला. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द आल्बुकेर्क याच्यावरून हापूस हे नाव पडले, असे सर्रास सांगितले जाते. तथापि १७०० च्या सुमारास निकोलाव मनुची या इटालियन प्रवाशाने गोव्याच्या उत्तम आंब्यांची जी नावे नोंदविली, त्यांत ‘निकुलाव आफोंसो’ असे एक नाव आहे. त्यामुळे हापूसचे नाव त्या सेनानीपेक्षा एखाद्या बागवाल्यावरून पडले असणे अधिक संभवनीय वाटते.

त्या काळी कोशिका विभाजनाची कल्पना कोठेही नव्हती. ह्यूगो फोन मोल यांनी १८३५ मध्ये शैवलाच्या कोशिका विभागताना पाहिल्या. प्रत्येक कोशिका आधीच्या कोशिकेपासूनच होते, हे रोबेर्ट रेमाक व रूडोल्फ फिरखो यांनी १८५५ पर्यंत प्रतिपादिले. श्रेय मात्र बहुतांशी फिरखो यांच्याच पदरी पडले. एडूआर्ट श्ट्रासबुर्गर (१८७५) यांनी वनस्पतींतील व व्हाल्टर फ्लेमिंग (१८८२) यांनी प्राण्यांतील विभाजनाचे तपशीलवार वर्णन केले. आंब्याच्या शरीर-कोशिकेत ४० गुणसूत्रे असतात. विभाजनापूर्वी प्रत्येकाची प्रत तयार होते व दोन्ही नव्या कोशिकांना तोच पूर्ण संच मिळतो. बीजात दोन जनकांचे गुण मिसळतात. म्हणून कोयीपासून वाढलेले झाड हापूस न राहता रायवळ होते, कलम मात्र हापूसच राहते.

भेट कलमात कुंडीतील रोप मचाणावर चढवून मातृवृक्षाच्या फांदीस भिडवीत, दोहोंची साल तासून बांधीत आणि दोन-तीन महिन्यांनी फांदी तोडून घेत. कापलेल्या कोशिका मरतात. त्यांच्याखालच्या जिवंत कोशिका भराभर विभागून किणक हे मऊ ऊतक (कोशिकासमूह) तयार करतात. दोन्ही बाजूंचे किणक मिळाले की, त्यातून सालीखालचा ऊतककर (विभाजनक्षम कोशिकांचा थर) सांधला जातो व पाण्याचा मार्ग जुळतो. कोशिका एकजीव होत नाहीत, शेजारी नांदतात. सांध्याखालून फुटलेला धुमारा रायवळच असतो व तो वेळीच काढावा लागतो. पुढे रूढ झालेल्या कोय कलमात दहा-पंधरा दिवसांच्या तांबूस कोंबावर काडी बसवितात. कोवळ्या कोशिका जोमाने विभागतात आणि पावसाळी हवेत किणक सुकत नाही. त्यामुळे ही पद्धत कोकणास मानवली. याच किनाऱ्यावरील माडाला असा ऊतककर नसतो. त्याचे कलम होत नाही व चढण्यासाठी खोडात पाडलेल्या खाचा जन्मभर बुजत नाहीत.

सारख्या गुणांबरोबर दोषही सारखे येतात. हापूसमध्ये साका (गर पांढरट, स्पंजासारखा व आंबट होणे) ही विकृती आढळते व ती फळ कापेपर्यंत बाहेरून कळत नाही. उत्तम दिसणारी पेटी त्यामुळे बाजारात नाकारली जाते, हे बागायतदारांचे जुने दुखणे आहे. कलमे कितीही बांधली, तरी हा दोष जात नाही. त्यासाठी बीजाकडेच वळावे लागते. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्रात नीलम व हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ (१९८१) आणि रत्ना व हापूस यांच्या संकरातून बारीक कोयीचा ‘सिंधू’ (१९९२) हे वाण काढण्यात आले. दोन्हींत साका आढळत नाही. बागांसाठी त्यांची रोपेही कलमांनीच तयार करतात.