धनुरासन, चक्रासन आणि आपली ‘कमान’

उताणे निजून, हातापायांवर देह तोलून, पोट आकाशाकडे उचलण्याच्या आसनास कोणी चक्रासन म्हणतो, कोणी ऊर्ध्वधनुरासन. ज्यांचे बालपण तालमीच्या तांबड्या मातीत गेले, ते मात्र सरळ ‘कमान’ म्हणतात. यांपैकी मूळ नाव कोणते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

स्वात्मारामांची ‘हठप्रदीपिका’ सामान्यतः पंधराव्या शतकातील मानतात. तीत धनुरासन आहे. परंतु पाठीस बाक देण्याचा तेथे उल्लेखही नाही. पायांचे अंगठे हातांनी धरून कानापर्यंत ओढावेत, एवढेच वर्णन. आज ज्यास आकर्ण धनुरासन म्हणतात, ते हेच. त्यानंतरच्या ‘घेरंडसंहिते’त मात्र हात पाठीमागून पाय धरतात आणि शरीरच वाकून धनुष्याकृती होते. नाव तेच राहिले. पण पूर्वी साधक हा धनुष्य ओढणारा वीर होता, तो पुढे स्वतःच धनुष्य झाला! प्रत्येक आसन आजच्याच रूपात सहस्रावधी वर्षे चालत आले, असे सभांतून छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. परंपरेचा मान त्यामुळे रतिभरही कमी होत नाही.

विसाव्या शतकात या विद्येस नवे वळण लागले, त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि यौगिक क्रियांची परीक्षा क्ष-किरणांच्या साहाय्याने केली. १९३७ साली पुण्यास आलेल्या बी. के. एस. अय्यंगारांच्या ‘लाइट ऑन योग’ या १९६६ च्या ग्रंथात आपली कमान ऊर्ध्वधनुरासन झाली. चक्रासन हे नाव तेथे मागे कोलांटी घेण्याच्या क्रियेस मिळाले. इतरत्र मात्र कमानीसच चक्रासन म्हणत राहिले. सबब, गुरू बदलला की शिष्याची त्रेधा उडते.

आता तालमीतील शब्दाकडे वळू. ‘कमान’ हा शब्द मूळचा फारसी, आणि फारसीत त्याचा अर्थ धनुष्य असाच आहे. मराठीत तो देवडीवर आणि पुलाखाली जाऊन बसला, तरी ‘तीरकमान’ या जोडशब्दात जुना अर्थ शाबूत आहे. म्हणजे संस्कृताचा गंध नसलेल्या वस्तादानेही नकळत धनुरासनच शिकविले! येथे बहरीनमध्ये बोलल्या जाणाऱ्या अरबीतही ‘कौस’ हा एकच शब्द धनुष्यासाठी व इमारतीच्या कमानीसाठी चालतो. इंद्रधनुष्य म्हणजे ‘कौस कुझह’. तेव्हा २१ जूनच्या योगदिनी एखाद्या अरब स्नेह्याने या आसनाचे नाव विचारलेच, तर ‘कौस’ एवढे सांगितले तरी त्याला ते बरोबर कळेल.