घर दाखविणारा आणि घर घेणारा

‘घर पाहावे बांधून’ असे आपण म्हणतो. पण आज कंधार, लोहा किंवा अहमदपूरकडचा माणूस मुलांच्या शिक्षणासाठी नांदेडला वा लातूरला येतो, तेव्हा तो बहुधा घर बांधीत नाही, विकत घेतो. शहर परके, म्हणून पहिली गाठ पडते ती दलालाशी.

दलाल हा शब्द मूळचा अरबी. वाट दाखविणे या अर्थाच्या धातूपासून तो आला. लातूरच्या गंजात माल नेणाऱ्या शेतकऱ्याला आडत्या आणि दलाल काही नवे नाहीत. पण धान्याचा सौदा फसला तर एक हंगाम जातो. घराचा फसला तर जन्माची कमाई जाते.

या माणसावर आपण एवढा भरवसा का टाकू लागलो? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. बोलणे मराठीत, पण कचेरीचा कागद उर्दूत! खरेदीखताला बैनामा म्हणत. ज्याला तो वाचता येई, त्याच्या शब्दावर बाकीच्यांनी विसंबायचे.

पुढे १९५० साली कूळकायदा आला, १९५४ साली इनामे रद्द करण्याचा कायदा झाला. कसणाऱ्याला हक्क मिळाले, हे चांगलेच झाले. मात्र अशा काही जमिनींच्या विक्रीवर बंधने आली, आणि शहर वाढले तसे शेतांतून प्लॉट पडले. म्हणून इकडचा जाणकार वकील आजही १९५४-५५ चे खासरा पत्रक मागतो.

आता दलालालाही कायदा आहे. २०१६ च्या स्थावर मिळकतीच्या कायद्याप्रमाणे, नोंदणी झालेल्या प्रकल्पातील घर विकून देणाऱ्या दलालाची महारेराकडे नोंद लागते. त्याचा नंबर मागा, प्रकल्पाचाही मागा. यात संकोच कसला? जुन्या घराच्या व्यवहाराला मात्र हे कवच नाही. तिथे आपणच डोळस राहायचे.

दलाल वाईट असतो, असे मी म्हणत नाही. तो गल्ली जाणतो, भाव जाणतो, दोन्ही पक्षांना एका बैठकीला बसवितो. पण सौदा झाला तरच त्याला दलाली मिळते, हे विसरू नका. दलाली किती आणि कोणी द्यायची, ते आधीच लिहून ठेवा. ‘आजच विसार द्या, नाहीतर घर जाईल,’ असे कोणी म्हणाले, तर एक रात्र थांबा. विसारपावतीने मालकी येत नाही; ती नोंदविलेल्या खरेदीखताने येते. त्याआधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार आणि बोजा स्वतंत्र वकिलाकडून तपासून घ्या. तो वकील आपण निवडावा, दलालाने नव्हे.

गुरुजनहो, हे कागद आज मराठीत आहेत. वरच्या वर्गातील मुलांना एकदा सातबारा वाचायला शिकवा. आजोबांना जो कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला, तो नातवाने स्वतः वाचावा. वाट दलालाने दाखवावी. पाऊल मात्र आपण पाहून टाकावे.