मर्सेनबुवांचं पोस्ट ऑफिस

'नेटवर्किंग करा, ब्रँड बनवा' असे सल्ले हल्ली पैशाला पासरी मिळतात. माझा या विषयातला हीरो मात्र इंटरनेटच्या साडेतीनशे वर्षं आधीचा आहे: पॅरिसच्या मठात राहणारे मारँ मर्सेन (१५८८-१६४८).

तेव्हा विज्ञानाची नियतकालिकं नव्हतीच. मर्सेनबुवा देकार्त, फर्मा, हॉब्ज अशा दिग्गजांना पत्रं लिहायचे. एकाचं कोडं दुसऱ्याला, दुसऱ्याचं उत्तर तिसऱ्याला. १६३३ मध्ये चर्चने गॅलिलिओला शिक्षा ठोठावली, आणि पुढच्याच वर्षी या कॅथलिक साधूने त्याचं यंत्रशास्त्र चक्क फ्रेंचमध्ये छापलं! १६४१ मध्ये देकार्तच्या ग्रंथावर विद्वानांचे आक्षेपही यांनीच गोळा करून दिले. बुवा गेले तेव्हा खोलीत ७८ जणांची पत्रं निघाली म्हणतात.

आपल्याला त्यांचं नाव माहीत असतं ते मूळ संख्यांमुळे. पायथॉनचं रँडम वापरलंय ना? त्याच्या आतही मर्सेन ट्विस्टरच! गंमत म्हणजे बुवांची १६४४ ची यादी चुकलेली होती: २ चा ६७ वा घात वजा १ ही मूळ संख्या नाहीच.

तर मंडळी, सगळ्यांत हुशार असायलाच हवं असं नाही. दोन हुशार माणसांची गाठ घालून दिलीत, तरी पुष्कळ झालं.