हवापालटापासून फेरिटिनपर्यंत

छातीच्या जुनाट विकाराने खंगलेला माणूस पांढराफटक दिसतो, हे वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. चरकसंहितेत मात्र पांडुरोग (रक्त कमी होणे) आणि राजयक्ष्मा (क्षय) यांचे अध्याय वेगळे आहेत. पांडुरोगावर नवायस चूर्ण सांगितले आहे: त्रिकटू, त्रिफळा, नागरमोथा, वावडिंग, चित्रक ही नऊ द्रव्ये आणि त्यांच्या एकूण वजनाइतके लोहचूर्ण. राजयक्ष्म्यात भर आहे तो शेळीचे दूध, मांसरस अशा पोषक आहारावर. फिकटपणा दिसला की लोह, असा सरधोपट हिशेब तिथे नाही.

इंग्रजी अमदानीत थळ घाटातून रेल्वे वर आली आणि नाशिकजवळची देवळाली मुंबईकरांच्या आवाक्यात आली. सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरची ही कोरडी हवा छातीला मानवते, असा लौकिक झाला. पारशी, गुजराती व इतर समाजांनी तिथे सॅनिटोरियमे बांधली. त्यांतली बहुतेक रुग्णालये नव्हतीच. हवापालटाला येणाऱ्या कुटुंबांनी चूल मांडून राहावे अशी ती बिऱ्हाडे होती. क्षयाच्या खऱ्या सॅनिटोरियमांतही तेव्हा विश्रांती, दूध, अंडी, कॉडलिव्हर तेल यांपलीकडे फारसे काही नव्हते. रक्त वाढवण्यासाठी लोहाच्या गोळ्या दिल्या जात. पण क्षयरोग्याला लोह दिल्यास दबलेला रोग उसळतो, असा इशारा फ्रेंच वैद्य त्रूसो यांनी १९व्या शतकातच दिला होता.

पांडुरता म्हणजे केवळ लोहाची उणीव नव्हे, याचा एक मोठा पुरावा मुंबईत मिळाला. १९२८ मध्ये आलेल्या लूसी विल्स यांना गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांत वेगळाच पांडुरोग आढळला. त्यांच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, तो बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे त्यातला गुणकारी घटक फॉलिक आम्ल असल्याचे कळले.

रक्त मोजायचे कसे, हा प्रश्न दवाखान्यात बराच काळ साहली यांच्या हिमोग्लोबिनोमीटरवर सुटत असे. बोट टोचून ०.०२ मिलिलीटर रक्त नळीतल्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात सोडायचे, दहा मिनिटे थांबायचे, मग तपकिरी झालेल्या द्रावात थेंब थेंब ऊर्ध्वपातित पाणी घालत शेजारच्या काचेचा रंग जुळवायचा. सगळी भिस्त पाहणाऱ्याच्या डोळ्यावर आणि खिडकीतल्या उजेडावर. शिवाय आकडा मिळाला तरी रक्त का कमी आहे, हे नळी सांगत नसे.

क्षयावरचे औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४४ मध्ये हाती आले. १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने घरी राहून औषध घेणारा क्षयरोगीही सॅनिटोरियममधल्यासारखाच बरा होतो, हे दाखवले. उपचारातले हवेचे महत्त्व तिथेच ओसरले. देवळालीवरचा मुंबईकरांचा लोभ मात्र टिकला. क्षय आटोक्यात आला की पुष्कळांचे रक्त लोहाविनाही सुधारते, हेही पुढे दिसून आले.

चुलीच्या किंवा विडीच्या धुराने येणाऱ्या सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट विकारात उलटाच समज रूढ होता. प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन अधिक सोडते आणि तांबड्या पेशी वाढतात. तेव्हा या रोग्याचे रक्त दाटच असणार, असे मानले जाई. प्रत्यक्षात अनेकांत ते कमी निघाले. अशा रोग्याची धाप फुप्फुसाबरोबर रक्तामुळेही वाढते, आणि ती नुसत्या श्वासाच्या औषधी पंपाने जात नाही.

याचा उलगडा २००० च्या सुमारास हेप्सिडिन सापडल्यावर झाला. दीर्घ दाह असला की यकृत हे संप्रेरक जास्त बनवते; ते आतड्यातून लोह शोषू देत नाही आणि साठ्यातले लोह अडवून धरते. म्हणून गोळ्या महिनोन्महिने खाऊनही रक्त चढत नाही. लोहसाठ्याचा अंदाज देणारे फेरिटिनही दाहात फसवे वाढते, तेव्हा रक्तात लोह वाहणाऱ्या ट्रान्सफेरिनची संपृक्तता सोबत पाहावी लागते. खरी लोहउणीव ठरली तर गोळी, ती न मानवल्यास शिरेतून लोह. सक्रिय संसर्ग असताना शिरेतले लोह लांबणीवर टाकतात. एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने सीओपीडीत सरसकट दिली जात नाहीत. आदिवासी पट्ट्यातल्या रोग्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकारही तपासावा लागतो, कारण त्यात उणीव सिद्ध झाल्याशिवाय लोह देत नाहीत.