पटकीचे जंतुविष
पटकी (कॉलरा) दूषित पाणी व अन्न यांतून पसरते. तिचे जंतू रक्तात शिरत नाहीत. आतड्यातच ते विष निर्माण करतात, असा तर्क रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये मांडला. त्यास प्रयोगाचा आधार मिळण्यास पाऊणशे वर्षे लागली. १९५९ मध्ये कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी जंतुसंवर्धनातील जंतू गाळून काढले व उरलेला द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात घातला. तेथे पाणी साठले. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत एन्. के. दत्त व सहकाऱ्यांनी जंतूंच्या अर्काने सशाच्या पिलांत जुलाब घडवून आणले. या विषामुळे आतड्यातील पेशींमधून क्षार व पाणी पाझरते. पेशी मात्र नष्ट होत नाहीत व ग्लुकोजाबरोबर मीठ शोषून घेऊ शकतात. म्हणूनच वेळीच पाजलेले साखर-मिठाचे पाणी रोग्याचे प्राण वाचविते.