दख्खनच्या नावाचा मासा

धाराशिवची लेणी, नळदुर्गचा तट, परंड्याचा किल्ला, सगळा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. १९९३ च्या भूकंपानंतर शेजारच्या किल्लारीत खोल छिद्र पाडलं, तेव्हा ३३८ मीटरपर्यंत हाच पाषाण लागला. खाली गाळाचा पातळ थर आणि मग पायाचा पुरातन स्फटिकी खडक. या लाव्ह्यात पुरातन माशांचा मागमूस नाही. तरी जगाच्या शास्त्रग्रंथांत एक मासा दख्खनचं नाव लावतो : लेपिडोटस डेक्कनेन्सिस.

तो मिळाला पार पूर्वेला, प्राणहितेच्या काठी, सिरोंच्याजवळच्या कोटा गावी. तिथं लाव्हा येण्याच्या कितीतरी आधीचा, ज्युरासिक काळातला चुनखडक उघडा पडला आहे. मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरलेले कर्नल साइक्स यांनी १८५१ मध्ये हा मासा लंडनच्या भूशास्त्रज्ञांपुढे ठेवला. वर्णन लिहिलं सर फिलिप एगर्टन यांनी. पठारावरचा म्हणून त्याची ओळख करून दिली गेली आणि नाव चिकटलं ते कायमचं.

याच चुनखडकात आणखी एक कूळ निघालं, डॅपेडियमचं. हे मला अधिक मोलाचं वाटतं, कारण या कुळाचा आज एकही वंशज उरलेला नाही. अंग ताटलीसारखं गोल नि चपटं, दात खुंट्यांसारखे, अंगावर जाड चकचकीत खवले, एकाला एक भिडलेले. डॅपेडियमचा पहिला नामनिर्देश १८२२ मध्ये विल्यम लीच यांनी इंग्लंडच्या लाइम रीजिस किनाऱ्यावरच्या माशावरून केला. कोट्याच्या जातीला पुढं एगर्टन यांचंच नाव मिळालं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले सोहनलाल जैन यांनी नवे नमुने अभ्यासले आणि १९७३ मध्ये तिच्यासाठी त्याच कुळात पॅराडॅपेडियम ही वेगळी प्रजाती मांडली. इंग्लंडचे भाऊबंद समुद्रातले, आपले मात्र गोड्या तळ्यातले मानले जातात! एकाच कुळानं खारं आणि गोडं दोन्ही पाणी आपलंसं केलं, याची साक्ष महाराष्ट्राच्या मातीत आहे, आणि आपल्याकडं ती फारशी कुणाला ठाऊक नाही.

सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. मराठवाड्यातल्या शाळांनी सहली तिकडंही न्याव्यात, आणि चुनखडकात खवल्यांची नक्षी दिसली तर दगड फोडू नये, भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला कळवावं.